बांड्याच्या पोटातली लाल गाठ

मित्रांनो, मी एक जुनी गाठ आहे. धोतराच्या सोग्याला मारतात ती नव्हे, बैलाच्या अंगातली. आता तर धड गाठही उरलेली नाही. कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ अशी माझी एक चकती तेवढी काचपट्टीवर चिकटून बसली आहे, आणि ती काचपट्टी मंगरूळपीरच्या गुरांच्या दवाखान्यात कपाटाच्या खालच्या खणात पडून आहे. शेजारी फुटक्या बाटल्या, कापसाचे बोळे आणि झुरळं. या झुरळांना माझ्याविषयी काडीचा आदर नाही. असो. मला माझं रडगाणं गायचं नाही. माझं निमित्त होऊन एका भल्या माणसाचं वाटोळं झालं, ते कुणीतरी सांगायला हवं, आणि सांगणारं आता दुसरं कुणी राहिलं नाही.

माझा जन्म इंझोरीचा. तिथे जानराव नावाचे एक शेतकरी होते, त्यांच्याकडे बांड्या नावाचा बैल होता. पांढऱ्या अंगावर काळे पट्टे, शिंगं आत वळलेली, स्वभाव गरीब. त्या बांड्याच्या पोटात, पाठीच्या कण्याखाली, रक्ताची मोठी वाहिनी जाते तिच्या कडेने चरबी असते. त्या चरबीत आम्ही भावंडं राहत होतो. आकार गुंजेएवढा आणि रंगही तसाच, लालकाळा. गुंज तुम्ही पाहिली असेल. सोनार पूर्वी सोनं तोलायला वापरायचे ती. दिसायला देखणी, पण आत जहर. आम्ही मात्र साध्या मांसाच्या गाठी होतो हो. गाईबैलांत, म्हशींत, शेळ्यामेंढ्यांत, सगळ्यांच्या पोटात आमच्यासारख्या गाठी असतात.

जनावराच्या अंगात मोठ्या गाठीही असतात. मानेत, काखेत, मांडीपाशी. त्यांच्यातून लसिका नावाचा पाण्यासारखा रस वाहतो, आणि त्यात आलेली रोगराई त्या अडवतात. त्यांना मान आहे. बुकात त्यांची चित्रं असतात. आमच्यातून रस नव्हे, थेट रक्तच वाहतं. बाहेर एक पातळ वेष्टण, त्याच्या आत रक्ताचे बारीक पाट, आणि पाटांच्या काठाने पांढऱ्या पेशींची दाट वस्ती. मधूनमधून त्या पेशींचे गोल पुंजके. पुंजक्याच्या मध्यभागी जरा फिकट जागा असते, तिथे नव्या पेशी जन्माला येतात. म्हातारं झालेलं रक्त गाळायचं, परकं काही घुसलं तर धरून ठेवायचं, एवढं आमचं काम. ते नेमकं काय आहे यावर शहाणी माणसं अजून वाद घालतात म्हणे. घालोत बापडी. आम्ही काम कधी थांबवलं नाही.

आता ज्या माणसासाठी मी हे सांगते आहे, त्याच्याकडे येते. इंझोरीची गुरं रूपला चारायचा. रूपला तांड्यावरचा, बंजारा. त्याच्या आधी त्याचा बाप हेच काम करायचा. सकाळी गावाबाहेरच्या आखरावर सगळी गुरं जमायची, रूपला जिभेने टकटक आवाज करायचा की बांड्या आधी वळायचा आणि मग बाकीची त्याच्यामागे. दुपारी पळसाखाली गुरं बसली की रूपला बांड्याच्या पोटाला पाठ टेकून बसायचा आणि आपल्या बोलीत काहीतरी गुणगुणायचा. बांड्याच्या बरगड्यांतून ते मला ऐकू यायचं. गोचिड दिसली की तो बोटाने काढायचा आणि तिला दोन शिव्या हासडायचा. माणसाला मी बाहेरून कधी पाहिलं नव्हतं. पण माणूस म्हटलं की मला तो आवाज आठवतो.

त्या काळी गोऱ्या साहेबाचं राज्य होतं आणि आपला हा मुलूख अकोला जिल्ह्यात मोडत होता. एका वर्षी पावसाने दगा दिला. कडबा कमी झाला, गुरांची हाडं दिसायला लागली. ज्वारी कापून झाल्यावर थोडा अवकाळी शिंतोडा पडला आणि वावरातल्या धसकटांना कोवळे फुटवे आले. तहानलेल्या ज्वारीच्या अशा फुटव्यांत जहर असतं. वऱ्हाडात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. जानरावांनाही होतं. पण बांड्या वाळत चालला होता, आणि त्यांचा जीव तुटत होता.

त्या दिवशी रूपलाने संध्याकाळी गुरं आणली आणि बांड्याला जानरावांच्या दारात सोडलं. तो तांड्याकडे वळला. आजूबाजूला कुणी नव्हतं. जानरावांनी बांड्याला घरामागच्या वावरात नेलं. चार घास खाऊ देत बिचाऱ्याला, चार घासांनी काय होतं, असं ते स्वतःशीच म्हणत होते. मी ऐकलं. बांड्याने अधाशासारखं खाल्लं. जानरावांनी त्याला परत आणून गोठ्यात बांधलं, आणि थोड्याच वेळात माझ्या पाटांतून जे रक्त आलं ते लालभडक होतं. इतकं लाल रक्त मी जन्मात पाहिलं नव्हतं. त्यात प्राणवायू होता, पण तो घेण्याची ताकदच अंगातल्या पेशींत उरली नव्हती. भरल्या ताटावर उपाशी मरावं तसं सगळं अंग तडफडत होतं. दिवेलागण व्हायच्या आत बांड्या आडवा झाला.

जानराव धाय मोकलून रडले. ते रडणं खोटं नव्हतं, हे मी छातीवर हात ठेवून सांगेन, छाती असती तर. पण शेजारीपाजारी जमले आणि काय खाल्लं, कुठे चरला, असं विचारू लागले तेव्हा ते एवढंच म्हणाले की रूपलाने आणला आणि मी दाव्याला बांधला. मधल्या फुटव्याचं त्यांनी गिळलं. बाकीचं गावाने आपल्या मनाने जुळवलं. त्या वर्षी एक हाकाटी होती, की चामड्यासाठी कुणीतरी गुरांना गुंजा खाऊ घालतं. रामकिसन पाटील म्हणाले, उद्या बैल सगळ्यांच्या देखत फाडायचा.

मित्रांनो, घोळ झाला तो इथे. ज्या बैलाला पोळ्याला पुरणपोळी भरवली, शिंगं रंगवली, त्याचं पोट शेतकरी कधी पाहत नाही. मेलं जनावर ओढून नेतात आणि घरधनी तोंड फिरवतो. इंझोरीत त्या सकाळी नाल्याच्या काठी जी माणसं गोळा झाली, त्यांतल्या एकानेही, फाडणारा सोडला तर, जन्मात बैल आतून पाहिला नव्हता. फाडणाऱ्याने पोट उघडलं, आतडी बाजूला केली, आणि कण्याच्या कडेला चरबीत आम्ही भावंडं उन्हात चमकलो. लालकाळी, गोल, गुंजेएवढी.

"ह्या पाहा गुंजा," रामकिसन पाटील म्हणाले.

फाडणाऱ्याने काही बोलायला तोंड उघडलं, तर त्याला सांगण्यात आलं की तू तुझं काम कर. पोटात घातलेली गुंज कण्याच्या चरबीत कशी जाऊन बसेल, हा विचार कुणाला शिवला नाही. जानरावांनी आमच्याकडे पाहिलं आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण सैल झाला. बांड्या आपल्या हाताने मेला नाही, असं वाटायला त्यांना एक जागा सापडली होती.

तेवढ्यात मंगरूळपीरहून गुरांचे डॉक्टर येऊन पोचले. त्यांचं नाव निजामुद्दीन. माणूस तरुण, शांत, बोलण्यात थोडं उर्दू. त्यांनी माझ्या एका भावंडाला चाकूने मधोमध चिरलं. आतून रक्त आलं. ते म्हणाले, ही बी नाही, हे मांस आहे, प्रत्येक जनावरात असतं. लोक म्हणाले, गुंजेनं बैलाचं रक्त पिऊन घेतलं. डॉक्टरांनी पुन्हा समजावलं, तेव्हा पाटलांनी त्यांना थांबवलं.

"डाक्तरसायेब, तुमी बुकातलं सांगून राह्यले. आमी डोयानं पाहून राह्यलो."

रूपला तिथेच उभा होता. त्याने कुणाचे पाय धरले नाहीत की आरडाओरडा केला नाही. बांड्या माह्या लेकरावानी होता, एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. दुसऱ्या दिवसापासून इंझोरीची गुरं दुसऱ्या माणसाच्या हाती गेली. सकाळी रूपला काठी घेऊन आखरावर आला, आणि बायाबापडे आपापली जनावरं त्याच्याकडे न पाहता पुढे हाकत गेले. आसपासच्या गावांतही बातमी पोचली. गुरं मारणारा म्हणून त्याला कुणी शेळीसुद्धा चारायला देईना. चोर सोडून संन्याशाला सुळी, दुसरं काय.

डॉक्टरांनी मला स्पिरिटच्या बाटलीत घातलं होतं. रूपला दवाखान्यात आला तेव्हा त्यांनी त्याला बाटली दाखवली. म्हणाले, हिला मी दूर शहरातल्या गुरांच्या कॉलेजात पाठवतो. तिथे हिचे पातळ काप करतील, रंगवतील, काचेवर बसवतील. ती काच आली की दुर्बिणीसारखं एक यंत्र आहे माझ्याकडे, ते घेऊन तुझ्या गावात येतो.

"हे लोक डोळ्यानंच मानतात ना? तर डोळ्यानंच दाखवू," डॉक्टर म्हणाले.

रूपलाने बाटलीकडे पाहिलं आणि हात जोडले. आजवर मला कुणी हात जोडले नव्हते. तेव्हापासून त्याचा सगळा जीव माझ्यात अडकला. काच आली तर त्याचं नाव परत मिळणार होतं, आणि नावाबरोबर गुरं.

कॉलेजात माझं काय झालं ते थोडक्यात सांगते. आधी माझ्यातलं सगळं पाणी काढलं, मग मेणात बुडवलं, मग मेणासकट कापलं. एका कापाला काचेवर घेतलं आणि दोन रंगांत न्हाऊ घातलं. पेशींचे पुंजके जांभळे झाले, रक्ताचे पाट गुलाबी. खोटं कशाला बोलू, मी सुंदर दिसत होते. तिथल्या सरांनी चिठ्ठीही लिहिली, की ही बैलाच्या अंगातली नैसर्गिक रक्तगाठ आहे, जहराचा हिच्याशी संबंध नाही. पण हे सगळं व्हायला किती काळ गेला म्हणता! बाटली कुठल्याशा फळीवर पडून राहिली, मग कॉलेजला उन्हाळ्याची सुट्टी लागली, मग सर आजारी. त्या फळीवर मला ओरडता आलं असतं तर मी कॉलेज डोक्यावर घेतलं असतं.

तिकडे रूपला दर बाजाराच्या दिवशी मंगरूळपीरला चालत यायचा. ही हकीकत मला पुढे दवाखान्यातल्या माणसांच्या बोलण्यातून कळली. पायरीवर बसायचा. डॉक्टरांना एखादं अवखळ जनावर आवरेना तर उठून धरायचा. ते जनावर त्याच्या हाताखाली लगेच शांत व्हायचं. गर्दी सरली की विचारायचा, "आली का जी?" डॉक्टर म्हणायचे, अजून नाही, येईल. तो मान हलवून परत जायचा. घरात दाणा नव्हता, म्हणून तो केनवडकडच्या रस्त्यावर खडी फोडायला जाऊ लागला. ज्याने आयुष्यभर रानात गुरांमागे फिरावं, त्याच्या हातात हातोडा आला. पावसाळ्यात त्याला हिवताप चढला.

एका बाजाराच्या दिवशी रूपला आला नाही. त्याची बायको मोतीबाई आली. तिच्या दंडावरच्या बांगड्या उतरवलेल्या होत्या. ती पायरीवर बसली नाही, सरळ डॉक्टरांसमोर उभी राहिली.

"आली का जी? जाता जाता तेच पुसत होता. मनून मी आली."

आणि मी पोचले ती त्यानंतर, पाऊस उघडल्यावर, पुठ्ठ्याच्या डबीत. डॉक्टरांनी डबी उघडली, चिठ्ठी वाचली, मला उजेडात धरलं आणि खुर्चीत बसून लहान मुलासारखे रडले. मलाही रडू आलं. पण मी मेणातून आणि रंगातून गेलेली, माझ्यात पाण्याचा थेंब उरला नव्हता.

तरी डॉक्टरांनी शब्द पाळला. यंत्र पेटीत घालून ते इंझोरीला आले. मोतीबाईला त्यांनी निरोप धाडला होता. गावातल्या पिंपळाच्या पारावर भर उन्हात त्यांनी यंत्र मांडलं, खालचा आरसा फिरवून माझ्यावर उजेड पाडला आणि लोकांना एकेकाने पाहायला लावलं. अहो, जत्राच भरली. पाटील म्हणाले, हे त लुगड्याचे काठ दिसून राह्यले. दुसऱ्याला माझे जांभळे पुंजके दिसले आणि तो म्हणाला, ह्या काय गोल गोल, ह्याच त गुंजा! डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. मग त्यांनी पिशवीतून एक भांडं काढलं. त्याच सकाळी मंगरूळपीरला कापलेल्या बकऱ्याच्या कण्याकडची चरबी होती ती. तिच्यात तशाच लाल गाठी. ह्या बकऱ्याला कुणी गुंजा घातल्या, असं डॉक्टरांनी विचारलं.

मग कुणीतरी हळूच विचारलं की गुंजा नाहीत, तर बैल मेला कशाने? सगळ्यांच्या नजरा जानरावांकडे गेल्या. आता तुम्ही पाहा, असं डॉक्टर त्यांना म्हणाले.

जानराव पुढे आले. यंत्राच्या नळीवर वाकले. किती वेळ वाकून राहिले! लोकांना वाटलं, घरधनी नीट निरखून पाहतो आहे. नळीच्या तळाशी मी होते. मी वर पाहिलं. जानरावांनी डोळा घट्ट मिटून घेतला होता.

"मले काईच दिसून नाई राह्यलं," ते म्हणाले.

झालं. ज्याचा बैल त्यालाच पटत नाही, तर आपण कशाला डोकं शिणवा. लोक उठले, धोतरं झटकली आणि पांगले. मेला तो मेला, असं म्हणत पाटीलही गेले. पारावर डॉक्टर, जानराव आणि एका कडेला मोतीबाई एवढेच राहिले. डॉक्टरांनी मोतीबाईला यंत्राकडे बोलावलं. ती जागची हलली नाही.

"मले कायले दाखवता, सायेब? मले म्हाईतच होतं."

तिचा आवाज साधा होता. त्यात ना राग ना शाप. पण जानराव मटकन खाली बसले. त्यांनी आपल्या पायांकडे पाहत सांगून टाकलं. "मीनं नेला होता त्याले वावरात. कवळे फुटवे होते. मीनंच."

मोतीबाईने पदर सावरला आणि ती जानरावांच्या समोर येऊन उभी राहिली.

"मले नोको सांगू, जानरावभाऊ. लोकं जमा कर, अन् ह्या पारावर उभा राहून सांग. रूपलानं बांड्याले नाई मारलं, एवढंच सांग."

"सांगीन," जानराव म्हणाले.

त्यांनी कधीच सांगितलं नाही. डॉक्टरांनी पाटलांच्या कानावर घालून पाहिलं, तर पाटील म्हणाले, जानरावले आपल्या तोंडानं सांगू द्या. जानरावांचं तोंड उघडलं नाही. त्यांनी त्या वावरात पुन्हा ज्वारी पेरली नाही आणि भोवती काट्यांचं कुंपण घातलं. बैल गेला अन् झोपा केला! नव्या बैलाला घेऊन ते दवाखान्यात यायचे, तेव्हा या कपाटाकडे पाठ करून उभे राहायचे. ते वाईट होते असं मी म्हणणार नाही. लाजेने माणूस असा गोठतो की मग त्याला हलवता येत नाही. पण त्यांच्या लाजेची किंमत दुसऱ्याने मोजली, याचा मला आजही संताप येतो.

मोतीबाई सरपण विकायला इंझोरीत यायची. दवाखान्यात येणारी माणसं सांगायची, की ती पारापाशी आली की मोळी डोक्यावर तशीच ठेवून जरा थांबायची. कुणी काही सांगतं का ते पाहायची. मग चालू लागायची. किती वर्षं ती अशी थांबत राहिली. निजामुद्दीन डॉक्टरांची बदली झाली. जानराव वारले. पुढे मोतीबाईही यायची बंद झाली. नव्या डॉक्टरांना माझ्याविषयी ठाऊक नव्हतं, त्यांनी मला खालच्या खणात टाकलं. माझा जांभळा रंग विटला, काचेच्या कोपऱ्यातून हवा शिरली, आणि आता माझ्यातलं फारसं कुणाला काही दिसायचंही नाही.

मित्रांनो, मला पुसा, जपा, मखरात बसवा, असं मी म्हणत नाही. जनावराला समजून घ्या, त्याच्या पोटात काय असतं ते एकदा तरी पाहून घ्या, आणि पाहिल्याशिवाय कुणाच्या माथी काही मारू नका, एवढं तर मी म्हणेनच. पण माझी खरी विनवणी वेगळी आहे. तुमच्यापैकी कुणी कधी इंझोरीला गेलं, तर त्या पारावर जरा उभे राहा. ऐकायला कुणी असो नसो, मोठ्याने म्हणा, की रूपलानं बांड्याला मारलं नाही. ते अजून कुणी म्हटलेलं नाही.